तेरड्याची एक शेंग

“फूल कोमेजल्यावर काय होतं?” बाईंनी विचारलं.

“टेम्पो येतो!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

बाईंचा खडू फळ्यावर होता तिथंच थांबला. फळ्यावर बी होती, बीला कोंब होता, कोंबाचं रोप, रोपाला कळी आणि कळीचं फूल. बाण काढत काढत गोल पुरा करून त्यांना पुन्हा बीपाशी यायचं होतं. शेवटचा तेवढा तुकडा राहिला होता, आणि नेमका त्या तुकड्यात मुलांनी टेम्पो आणून उभा केला.

“कसला टेम्पो?”

“निळा,” पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. “शनिवारी येतो ना, बाई. खराब झालेली झाडं घेऊन जातो आणि फुलं आलेली ठेवतो.”

“त्याचा एक दिवा फुटलाय,” बडबड्यानं माहितीत भर घातली.

“बरं. समजा, टेम्पो आलाच नाही. मग त्या फुलाचं काय होईल?”

वर्ग गंभीर झाला. इतका भयंकर प्रसंग आजवर कुणाच्या मनातही आला नव्हता.

“मग फोन करायचा,” बडबड्या म्हणाला.

दारातून टाळ्या ऐकू आल्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, केव्हापासून तिथं उभ्या होत्या. “वा! याला म्हणतात निरीक्षण! पुस्तकातलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगताहेत पोरं. बाई, अभिनंदन हं तुमचं.”

अभिनंदन झाल्यावर माणूस बोलणार काय? बाई ‘थँक्यू’ म्हणाल्या.

बरं, ही काही एखाद्या पोराची गंमत नव्हती. पुढं सहामाहीच्या पेपरातही ‘फुलझाडाचे जीवनचक्र काढून नावे द्या’ असा प्रश्न होता. झाडून सगळ्यांनी बी, कोंब, रोप, कळी, फूल आणि टेम्पो काढला होता. टेम्पोपासून बाण काढून तो थेट नव्या फुलाला नेऊन भिडवला होता. चक्र पुरं झालं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. फुलाच्या पाकळ्या कशाबशा ओढलेल्या, पण टेम्पो कसा रेखीव! चाकं, आरसे, मागची फळी, फळीची कडी. बाईंनी लाल पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. फुली मारायची तर कशावर? पोरांनी जे पाहिलं तेच काढलं होतं.

त्याचं असं होतं. ही शाळा ‘सदाबहार शाळा’ होती. तसा पुरस्कार मिळाला होता आणि तो टिकवायचा होता. प्रत्येक मुलाच्या नावाची एक कुंडी व्हरांड्यात होती, कुंडीवर ‘माझे झाड’ अशी पाटी. दर शनिवारी नर्सरीचा टेम्पो यायचा. ज्या कुंडीतली फुलं मान टाकायला लागली असतील ती उचलायची, तिच्या जागी फुललेली ठेवायची, आणि पाटी या कुंडीतून काढून त्या कुंडीत खोचायची. त्यामुळं ‘माझं झाड आधी शेवंती होतं, आता झेंडू झालंय’ असं पोरं अगदी सहज सांगायची, जशी ‘मी आधी दुसरीत होतो, आता तिसरीत गेलोय’ असं सांगतात.

शाळेत काही मरत नसे. कार्यालयातल्या काचेच्या पेटीतला सोनेरी मासा बाई नोकरीला लागल्यापासून तोच होता, निदान मुलांच्या हिशेबानं. अधूनमधून तो एका दिवसात बोटभर वाढायचा किंवा आखडायचा, एवढंच. ‘कोमेजणे’ हा शब्द मोठ्या बाईंनी धड्यातून काढायला लावला आणि त्याऐवजी ‘विश्रांती घेणे’ असं म्हणायला सांगितलं. त्यांचे स्वतःचे केस कोळशानं लाजावं इतके काळे होते. आणि गेल्या वर्षी शाळेचे म्हातारे शिपाईकाका वारले, तेव्हा तर कमालच झाली. दुसरा शिपाई आणला, त्याला काकांचाच शर्ट घातला आणि मुलांना सांगितलं, “काका बारीक झालेत.” मुलांनी टाळ्या वाजवून काकांचं कौतुक केलं. नवा शिपाई बिचारा पहिला आठवडाभर ‘काका, तुमची मिशी कुठं गेली?’ या प्रश्नाला उत्तरं देत फिरत होता.

बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. पण दिसतं ते सगळं बोलायला लागलं तर नोकरी कोण करणार?

घरी बाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. गल्लीत त्यांना ‘लिफ्टवाले’ म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. डॉक्टरांनी सगळं करून झाल्यावर ‘घरी न्या, आनंदात ठेवा’ असं सांगितलं होतं. डॉक्टर हे कधी सांगतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण बाईंच्या नणंदेनं, वन्संनी, ते औषधासारखंच घेतलं. भावाची सेवा करायला म्हणून त्या आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीतला आरसा उतरवला. मग शर्ट अंगावर लोंबतात म्हणून एक माप लहान शर्ट आणले. “बघा, कशी भरली तब्येत!” असं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. येणारा-जाणाराही मान डोलवायचा. खोलीत शिरताना दारातच त्या प्रत्येकाला कानात सांगत, “हसत आत जा हं.” त्यामुळं लिफ्टवाल्यांना भेटायला येणारा प्रत्येक माणूस दात दाखवत आत यायचा. दातांच्या डॉक्टरकडं आल्यासारखा.

“अगं, हे सगळे माझ्याकडं बघून हसतात का?” एकदा त्यांनी बायकोला विचारलं. “माझं काही सुटलंय का?”

“वन्संचा हुकूम आहे.”

“जन्मभर लोकांना वर पाठवलं मी. कुणी रडलं का कधी? मग माझ्या वेळेलाच एवढी तयारी कशाला?”

“गप्प बसा हो.”

“गप्पच बसायचंय पुढं. आता बोलू दे.”

आपल्या आजाराचं त्यांना कुणाशी बोलता येत नसे. तोंड उघडलं की वन्सं म्हणायच्या, “दादा, चांगलं बोलावं माणसानं.” म्हणून ते शाळेचं बोलायचे. बाई घरी आल्या की आजच्या दिवसात काय काय घडलं ते ऐकायचे. टेम्पोची गोष्ट ऐकून तर ते इतके हसले की ठसका लागला, आणि वन्सं पाणी घेऊन धावत आल्या. “आनंदात ठेवायला सांगितलंय, एवढ्या आनंदात नाही!” त्या बाईंवर खेकसल्या.

लिफ्टवाल्यांनी पाणी पिऊन भांडं परत दिलं. मग म्हणाले, “पोरांना शेंग दाखव गं एकदा.”

“कसली?”

“तेरड्याची. आम्ही शाळेत जाताना एकाच्या कुंपणाला तेरडा असायचा. पिकलेली शेंग जराशी दाबली की फाटकन फुटते, आणि बिया चहूकडं. सगळं कुंपण फोडत जायचो. मालकाच्या हातचा मारही खाल्लाय. काय मजा असते सांगू! आपण काही करत नाही. नुसतं बोट लावायचं. बाकी तीच करते.”

“तेरडा आहे शाळेत. पण फुलं गळायला लागली की उचलतात.”

“मग एक लपव.”

बाई हसल्या.

“हसू नको. लपव एक. पोरांना दाखव, आणि एक शेंग मला आण. फोडतो. फार वर्षं झाली.” मग म्हणाले, “जमेल तेवढं लवकर कर. मला घाई नाही, पण तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणतात ना.”

घराच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, उन्हाचं नाव नव्हतं. तेव्हा जे काही उगवायचं ते शाळेतच. दुसऱ्या दिवशी बाईंनी तेरड्याची एक कळ्या धरलेली कुंडी तिच्यावरची पाटी काढून उचलली आणि भंगाराच्या खोलीत नेऊन ठेवली. खोलीत मोडकी बाकं, पाय तुटलेली शिडी, आणि हाताची हाडं गायब झालेला सांगाडा होता. सांगाड्याला मोठ्या बाईंनी मुलांना धक्का बसू नये म्हणून टोपी घालून ठेवली होती. पूर्वेला एक खिडकी होती. तिथं ऊन येई.

मग बाई वर्गातल्या मुलांना चार-पाच जणांच्या टोळीनं ‘नकाशा आणायला’ म्हणून तिकडं घेऊन जायला लागल्या. त्या वर्षी तिसरीच्या वर्गानं इतके नकाशे आणले की भूगोलाच्या मास्तरांना आपण काही चुकवतोय की काय अशी भीती वाटायला लागली.

सुरुवातीला फुलं होती तोवर पोरं खूश होती. मग पाकळ्या गळायला लागल्या.

“शी! बाई, हे खराब झालं,” चष्मेवाली नाक मुरडून म्हणाली.

“खराब नाही झालं. त्याचं काम चाललंय.”

“मग ते असं का दिसतंय?”

“काम करताना तुझी आई कशी दिसते? पावडर लावून बसलेली असते का?”

चष्मेवालीनं विचार केला. “माझी आई असते,” ती म्हणाली.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शंकेखोर म्हणायचे. ती कुंडीशी उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली. “बाई, याला दुखतंय का?”

“नाही गं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

बाईंना माहीत नव्हतं. त्यांनी तिला पाकळी गळून पडली होती ती जागा दाखवली. तिथं एक हिरवा, लवदार, बोटाच्या पेराएवढाही नसलेला फुगवटा दिसत होता. “हे बघ. शेंग धरली.”

घरी जाऊन बाईंनी आधी तेच सांगितलं. “अहो, शेंग धरली.”

“पोट आलं का तिला?”

“अजून नाही.”

“कच्ची फोडू नको हं. कच्ची फुटत नाही. नुसती चेचते.”

एके दिवशी भंगाराच्या खोलीकडं मोठ्या बाईंची पावलं वाजली. तिथल्या एका टेबलावर मुलांनी हस्तकलेला केलेली लाल कागदाची फुलं पडली होती. हाताला आली तेवढी त्यांनी तेरड्याच्या फांद्यांत खोचली आणि कुंडीपुढं उभ्या राहिल्या. मोठ्या बाई आत आल्या, टोपीवाल्या सांगाड्याकडं बघून समाधानानं हसल्या, आणि मग कुंडीपाशी वाकल्या.

“अरे वा! इथंसुद्धा फुलं! वास नाही वाटतं याला?”

“तेरड्याला वास नसतो, बाई.”

“उत्तम. कचरा पण नाही कुठं. बघा, एक पाकळी गळालेली नाही. असं झाड पाहिजे! कुठल्या जातीचा आहे हा?”

“घरगुती,” बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंना तो इतका आवडला की त्या व्हरांड्यात सगळीकडं हाच लावायचा विचार करायला लागल्या. त्या गेल्यावर बाई मोडक्या बाकावर बसल्या आणि एकट्याच खूप हसल्या. घरी जाऊन सांगायला मिळालं म्हणून आणखी हसल्या. पण घरी गेल्या तेव्हा लिफ्टवाल्यांना झोप लागली होती. आताशा ती फार लागायची.

शेंगांना पोट आलं. हिरव्या रंगात पिवळसर झाक आली. गुरुवारी बाईंनी वर्गाला सांगितलं, “सोमवारी. सोमवारी प्रत्येकानं एकेक शेंग फोडायची. मग तुम्हाला कळेल फुलानंतर काय होतं ते.” वर्गात एकच गलका झाला. बडबड्यानं शपथ घेतली की तो रविवारभर बोट वापरणार नाही, जपून ठेवणार.

गुरुवारी संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सांगितलं, “सोमवारी आणते.”

त्यांनी डोळे उघडले. “सोमवार कधी आहे?”

“चार दिवसांनी.”

“बरं,” ते म्हणाले. “थांबतो.”

शुक्रवारी पहाटे त्यांचा श्वास अडकायला लागला. बाईंनी आणि वन्संनी त्यांना रुग्णालयात नेलं, तिथं शनिवार संध्याकाळपर्यंत नळ्या लावून ठेवलं आणि मग ‘घरीच बरे’ म्हणून परत पाठवलं. या वेळी डॉक्टर आनंदाचं काही बोलले नाहीत. रविवारी लिफ्टवाले एखाद-दोन शब्द बोलत, मग डोळे मिटत. वन्सं मात्र त्यांना आणखी एक माप लहान शर्ट मिळेल का याची चौकशी करत होत्या.

सोमवारी शाळेत जायचं की नाही यावर बाईंचा सगळा जीव टांगलेला होता. लिफ्टवाल्यांनीच हात हलवून ‘जा’ म्हटलं. आणि ओठ हलवून ‘आण’ म्हटलं.

वर्गात पाय टाकला तर सगळी मुलं उभी. डोळे चमकत होते, ओठ दाबून धरलेले. टेबलावर लाल रिबीन बांधलेली कुंडी. कुंडीत फुलांनी लगडलेला, ताजा, टवटवीत तेरडा.

“सरप्राईज!” वर्ग ओरडला.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“बाई, तुमच्या घरी बरं नाही ना, म्हणून आम्ही ठरवलं,” चष्मेवाली पुढं आली. “तुमचं झाड खूपच खराब झालं होतं. पानं पण पिवळी झाली होती. तुम्ही आलात आणि ते तसं बघितलंत तर तुम्हाला आणखी वाईट वाटलं असतं.”

“म्हणून शनिवारी आम्हीच उचललं,” बडबड्या छाती काढून म्हणाला. “मी आणि ती आणि आम्ही सगळे. जड होतं! टेम्पोत टाकलं आणि टेम्पोवाल्या काकांना सांगितलं, सगळ्यात भारी फुलांचं द्या. आणि बाई, आता हे कधीच खराब होणार नाही. काकांना सांगून ठेवलंय, दर शनिवारी बदलत जा म्हणून.”

“मी नको म्हणत होते,” शंकेखोर मागच्या बाकावरून म्हणाली.

“तू काय, तू सगळ्यालाच नको म्हणतेस!” तिला सगळ्यांनी गप्प केलं.

मुलं वाट बघत होती. इतकी पोरं एकदम इतक्या प्रेमानं कुणाकडं बघत असतील तर त्या माणसाला पळून जायलाही दार सापडत नाही. बाई त्या कुंडीकडं बघत राहिल्या. एकेक पाकळी ताठ होती. पोरांवर ओरडायचं? कशासाठी? शाळेनं जे शिकवलं ते त्यांनी चोख केलं होतं, आणि जीव लावून केलं होतं. आयुष्यात एवढा यशस्वी धडा बाईंनी कधी बघितला नव्हता.

“छान,” बाई म्हणाल्या. “खूप छान आहे.”

टाळ्या. टाळ्या ऐकून मोठ्या बाई आल्याच. त्यांना सगळी हकिकत सांगण्यात आली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वर्गाला ‘संवेदनशील वर्ग’ अशी पाटी जाहीर केली आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, “घरी कसं आहे? सगळं चांगलं होणार हं. हसत राहायचं.” त्या गेल्या.

बाईंनी खडू घेतला. फळ्यावर बी काढली, कोंब काढला, रोप, कळी, फूल. फुलापाशी हात थांबला. मागून वर्ग कुजबुजत होता. बाईंनी बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी एक चौकोन काढला. चौकोनाला चाकं लावली.

“बाई, एक दिवा फुटका काढा,” बडबड्या म्हणाला.

बाईंनी एक दिवा फुटका काढला.

“पण मग बिया कुठं गेल्या?” शंकेखोरनं विचारलं. तेवढ्यात घंटा झाली आणि तिचा आवाज बाकांच्या खडखडाटात बुडाला.

शाळा सुटल्यावर बाई नर्सरीत गेल्या. मागच्या अंगणात टेम्पोवाला टेम्पो धूत होता. बाईंना बघून त्यानं पाईप बंद केला. “बाई, आवडलं ना झाड? पोरांनी निवडून घेतलं बरं का. माझं डोकं खाल्लं.”

“आवडलं. आमचं जुनं झाड कुठाय?”

“कुठलं जुनं?”

“शनिवारी नेलेलं. तेरड्याचं.”

त्यानं हात करून दाखवलं. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, वाळलेल्या झाडांचा ढीग होता. पुरुषभर उंच. सगळ्या शाळांची, दुकानांची, दवाखान्यांची, बँकांची विश्रांती घेणारी झाडं तिथं एकावर एक आडवी पडली होती. कुंड्या काढून घेऊन धुवून वेगळ्या रचल्या होत्या. आणि ढिगाभोवती सिमेंटच्या जमिनीवर बियाच बिया. शेंगा उन्हानं आपल्या आपण फुटल्या होत्या, कुणी बोट न लावता. बारीक, तपकिरी बिया सगळीकडं पसरल्या होत्या आणि बाईंच्या चपलांखाली किरकिरत होत्या.

“एवढ्या बिया!” बाईंच्या तोंडून निघालं.

“डोक्याला ताप नुसता. रोज झाडतो. पूर्वी इथं माती होती, पण सगळं उगवायला लागलं ना. म्हणून मालकानं सिमेंट केलं.”

“उगवलं तर काय बिघडलं?”

“उगवलं तर नवीन कोण घेणार?” त्याला या प्रश्नाचंच हसू आलं. “बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि असं कसं विचारता?”

बाईंनी पदर खोचला आणि त्या ढिगात हात घातला. टेम्पोवाला आधी हसला, मग ‘अहो, हात कापेल’ म्हणाला, मग पुढं होऊन वरची झाडं ओढून बाजूला करायला लागला. तेरडे पुष्कळ निघाले. कुणाच्या फांदीला कागदाच्या फुलाचा लाल तुकडा दिसतो का ते बाई बघत होत्या, पण दिसला नाही. सगळ्यांच्या शेंगा फुटून गेल्या होत्या, साली स्प्रिंगसारख्या वळून बसल्या होत्या.

“कशाला पाहिजे एवढी?” टेम्पोवाल्यानं विचारलं.

“घरी पेशंट आहे.”

“औषधी असते होय?”

“हो,” बाई म्हणाल्या.

तळाशी, दुसऱ्या झाडांच्या सावलीत दबलेल्या एका तेरड्यावर एक शेंग सापडली. पिवळसर, टम्म, न फुटलेली. आपल्याच झाडाची की कुठल्याशा बँकेच्या, ते बाईंना सांगता आलं नसतं. त्यांनी देठ नखानं तोडला आणि ती तळहातावर घेतली. टेम्पोवाल्यानंही श्वास रोखून धरला होता.

डब्यात ठेवली तर हिंदकळून फुटेल. पर्समध्ये फुटेल. रुमालात गुंडाळली तरी फुटेल. बसमध्ये तर गर्दीचा एक धक्का पुरेसा. तेव्हा बाई चालत निघाल्या, हात पुढं पसरून, तळव्यावर शेंग, वाऱ्याला आड दुसरा हात. रस्त्यात लोक बाजूला होत होते. एका सिग्नलपाशी एक भला गृहस्थ थांबला, बाईंच्या विस्कटलेल्या केसांकडं, मातीनं भरलेल्या साडीकडं आणि पसरलेल्या हाताकडं बघितलं आणि खिशात हात घातला. बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा त्यांनी हात मागं घेतला नाही. घेता आला नसता. “नाही हो, नाही,” एवढंच म्हणाल्या आणि दिवा बदलला तशा पुढं गेल्या.

दारात वन्सं उभ्या होत्या. डोळे सुजलेले. तरी त्यांनी ओठ ताणले. “वहिनी, हसत आत जा हं,” त्या म्हणाल्या आणि त्यांचाच आवाज फाटला.

लिफ्टवाल्यांचे डोळे उघडे होते. नवा लहान शर्टही आता अंगावर लोंबत होता. बाई शेजारी बसल्या आणि तळहात त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बघितलं. त्यांना ओळखू आलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“पोरांनी…?” त्यांनी विचारलं.

“फोडल्या,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांनी. काय गोंधळ घातला म्हणता.”

त्यांनी पापण्या मिटून ‘बरं’ म्हटलं. मग पांघरुणातून हात बाहेर काढला. बाईंनी त्यांच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधे शेंग ठेवली.

ते दाबायला लागले. नखाची कड पांढरी व्हावी एवढा जोर लावत होते, पण नख पांढरं होत नव्हतं. शेंगेवरची लव तेवढी जराशी दबायची आणि पुन्हा वर यायची. वन्सं पायाशी येऊन उभ्या राहिल्या. हसायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

बाईंनी आपलं बोट पुढं केलं. नुसतं टेकवायचं होतं.

“थांब,” ते म्हणाले. “मी करतो.”

बाईंनी हात मागं घेऊन मांडीवर ठेवला आणि त्या दोन बोटांकडं बघत बसल्या. शेंग त्यांच्या मधे होती, पिकलेली, टम्म, जशीच्या तशी.